मी आलं

माझं धाकटं भावंड स्वतःबद्दल बोलताना 'मी आलं', 'मी झोपलं', 'मी पडलं' असं म्हणायचं. यात दोष आमचाच. बाळ आलं का, पिल्लू झोपलं का, असं आम्हीच त्याला विचारत होतो. इतर मुलं कधीतरी हे सोडून देतात आणि आजूबाजूचं ऐकून 'आलो' किंवा 'आले' उचलतात. यानं सोडलं नाही. सात वर्षांचं झालं तरी शारजाच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडून ते आत यायचं आणि बजावून सांगायचं, "मी आलं."

आई-बाबांच्या लेखी ती मुलगी होती. कागदोपत्रीही. मी इथं 'ते' लिहितोय, कारण त्याला तेच हवं होतं आणि हवं आहे. आज याला नॉनबायनरी असा शब्द आहे. नव्वद-एक्याण्णव साली आमच्याकडे तो नव्हता. आमच्याकडे फक्त नपुंसकलिंग होतं, आणि तेसुद्धा बाळांपुरतं.

अल ऐनच्या एका डॉक्टरांचं नाव कुणीतरी सुचवलं म्हणून बाबांनी एका शुक्रवारी गाडी काढली. ऑटिझम हा शब्द आम्ही तिथं पहिल्यांदा ऐकला. परत येताना मागच्या सीटवर आमचं धाकटं खिडकीच्या काचेवर बोटांनी भराभरा टिचक्या मारत होतं. आई मध्येच मागे वळून म्हणाली, "हात खाली." तेवढंच.

मग स्पीच थेरपी सुरू झाली. थेरपिस्टबाईंना मराठी येत नव्हती. आईनं त्यांना समजावलं की आमची मुलगी व्याकरणात चुकते, मुलीसारखं बोलत नाही. त्या म्हणाल्या, करेक्ट करा, घरी रोज प्रॅक्टिस घ्या. प्रॅक्टिस घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो आणि अभ्यासात हुशार म्हणून घरात माझा मान होता. समोर पिस्त्यांची वाटी घेऊन मी बसायचो. "आले" म्हटलं की पिस्ता. "आलं" म्हटलं की वाटी मागे. हात हलले की वाटी मागे. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो. कुणीतरी माझ्या शब्दावर हलतंय, हे त्या वयात फार गोड लागतं.

काही महिन्यांत 'आलं' बंद झालं. आईनं थेरपिस्टबाईंना मिठाई नेऊन दिली. पण 'आले' कुठे सुरू झालं होतं? माझ्या लक्षात आलं, घरात कुणाला सांगितलं नाही. ते आता 'मी जाते' म्हणतच नव्हतं. 'मला जायचंय' म्हणायचं. 'मी दमले' नाही, 'मला दमायला झालं'. 'मी पाहिलं', 'मी खाल्लं' चालायचं, कारण तिथं क्रियापद बोलणाऱ्याकडे बघतच नाही. अख्ख्या मराठीतून ते अशा वाटा शोधून काढत होतं जिथं त्याला अडवणारं कुणी नव्हतं. आणि जिथं वाटच नसेल तिथं इंग्रजी. आई कौतुकानं मैत्रिणींना सांगायची, "आमची आता इंग्लिशच बोलते हो घरात!" सगळ्यांचीच मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

पुढे मी पदवीसाठी पुण्याला गेलो. परत आलो तेव्हा ते सोळा वर्षांचं होतं आणि त्यानं मराठी पुन्हा हातात घेतली होती. विमानतळावरच म्हणालं, "दादा, मी गाडीत मागे बसतं." बाबांनी गाडी सुरू केली. मी रात्री त्याच्या खोलीत गेलो.

"हे परत काय सुरू केलंस?"

"परत नाही. आधीपासूनचंच आहे. मध्ये पिस्ते होते."

"अरे पण लोक हसतात."

"हसू देत. 'आले' म्हटलं की मला वाटतं, दुसरंच कुणीतरी आलं. मग मी दाराकडे बघतं."

तेव्हा मला पुरतं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मला कळलं होतं.

त्याचं काम तोवर सुरू झालेलं होतं. काम म्हणजे काय, तर ते ज्या भारतीय शाळेत शिकत होतं तिथं तळमजल्यावर एक वेगळी खोली होती. बाकीच्या वर्गांत न बसवलेली मुलं तिथं असायची. हे रिकाम्या तासाला तिथं जाऊन बसायचं. त्या खोलीच्या दाराबाहेरच घंटा होती. ती वाजली की दोन-तीन मुलं कान दाबून खाली बसत आणि मग त्यांना शिस्त लागावी म्हणून हात धरून उभं केलं जाई. यानं प्रिन्सिपॉल मॅडमच्या मागे लागून लागून ती घंटा जिन्यापलीकडे हलवून घेतली. "हात धरू नका, ती आवाज सहन करताहेत," असं शिक्षिकेला तोंडावर सांगितलं. पालकांच्या सभेत उभं राहून विचारलं, "तुम्ही मुलांबद्दल बोलताय. मुलांना का नाही बोलावलं?" एक गृहस्थ म्हणाले, "बेटा, उनको बोलना नहीं आता." यानं उत्तर दिलं, "अंकल, आपने पूछा कब?" हे घरी येऊन सांगताना ते हसत नव्हतं. त्याच्या लेखी तो खरोखरचा प्रश्न होता, आणि उत्तर न मिळाल्याचं वाईट वाटलं होतं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. आम्ही त्यांना भाई आणि भाभी म्हणायचो. भाई हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांची सात वर्षांची मुलगी त्या तळमजल्याच्या खोलीत होती. ती एक शब्द बोलत नसे. आमच्या धाकट्यानं सुपरमार्केटची दर आठवड्याला दाराशी पडणारी जाहिरातपत्रकं कापून पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली. कलिंगड, चपला, पंखा, साबण. ती चित्रांवर बोट ठेवायला लागली. चपला म्हणजे बाहेर जायचं. पंखा म्हणजे फार आवाज होतोय. साबण म्हणजे काय ते बरेच दिवस कळेना. मग उलगडलं, साबण म्हणजे 'हा माणूस नको', एका आयाच्या हाताला तो वास यायचा. भाभी पहिल्यांदा ते ऐकून इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. "बोलती है रे मेरी! शिकायत भी करती है!"

त्या वर्षी शाळेच्या कमिटीनं ठरवलं की जी मुलं 'कम्युनिकेट' करू शकत नाहीत त्यांना नव्या सत्रात ठेवायचं नाही. भाईंच्या मुलीचं नाव त्यात होतं. शारजात दुसरी शाळा नव्हती, म्हणजे त्यांना परवडेल आणि घेईल अशी नव्हती. जागा गेली तर भाभी मुलीला घेऊन गावी जाणार आणि भाई एका खोलीत चार जणांबरोबर राहणार, हे त्यांच्या घरात ठरून गेलं होतं. आमच्या इमारतीत अशी मोडलेली घरं कमी नव्हती. भाईंनी कमिटीकडे एकच विनंती केली, या मुलीशी बोलणारं एक जण आहे, त्याचं ऐका. कमिटी हो म्हणाली.

भावंड मला म्हणालं, "दादा, तू चल. मला तिथं इंग्रजी राहणार नाही."

ते खरंच होतं. फार ताण आला की त्याची इंग्रजी आणि हिंदी आधी जायची, मराठी शेवटी. "मी मराठीत बोलतं. तू इंग्रजी कर. फक्त तेवढंच कर."

पालकांना आत घेतलं नाही. भाई बाहेर बाकावर बसले, मुलगी मांडीवर. आत एसीचा घरघराट, एक ट्यूब फडफडत होती. मी आधी ती बंद करायला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अध्यक्ष एक मोठे व्यापारी होते, बाबांच्या कंपनीच्या मालकाशी ऊठबस असलेले. मी नुकताच त्याच कंपनीत लागलो होतो आणि माझ्या व्हिसाचे कागद त्याच मालकाकडे त्या आठवड्यात सह्यांसाठी गेलेले. शेजारी प्रिन्सिपॉल मॅडम. आणि कडेला कमिटीतल्याच पुण्याच्या एक बाई, बँकेत नोकरी करणाऱ्या, आम्हाला कार्यक्रमांतून ओळखणाऱ्या.

भावंडानं डोळे मिटून घेतले, हात टेबलाखाली हलत होते, आणि ते बोलायला लागलं.

"मी या शाळेत आलं तेव्हा मला पण बोलता येत नाही असं लिहिलं होतं. मी दोन वर्षं खाली बसलं. मग मी वर गेलं. मी खाली होतं तेव्हाही बोलत होतं, फक्त..."

मी इंग्रजी करत होतो. चांगलं करत होतो. इंग्रजीत अडचण नव्हती, तिथं 'आय' म्हटलं की झालं. अध्यक्ष पुढे झुकून ऐकत होते.

"अगं," पुण्याच्या बाई मध्येच हसून म्हणाल्या, "आलं काय? गेलं काय? 'आले' म्हण. एवढी मोठी झालीस!"

"नाही," ते म्हणालं. "आलं."

"बघा!" बाई अध्यक्षांकडे वळल्या. "सर, धिस इज द प्रॉब्लेम. दोन वर्षांच्या बाळासारखं व्याकरण आहे. शी कॅनॉट इव्हन से 'आय केम' प्रॉपर्ली. आणि ही सांगणार ती मुलगी काय बोलते ते?"

त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना मराठीचा अभिमान होता.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "इज इट अ मिस्टेक? ऑर शी मीन्स इट?"

भावंडानं डोळे उघडले आणि तेही माझ्याकडे बघू लागलं. ते कुणाच्या चेहऱ्याकडे सहसा बघत नाही. तेव्हा बघत होतं. निवांत होतं. दादाला माहीत आहे, दादा सांगेल.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला व्हिसाची भीती वाटली, बाबांच्या नोकरीची वाटली, अशा गोष्टी त्या देशात मोठ्यानं बोलायच्या नसतात म्हणून मी जपून बोललो. थोडं तसं होतंही. पण त्या क्षणी माझ्यासमोर फक्त त्या बाईंचं हसू होतं. आता मी काही वेगळं बोललो तर हे हसू माझ्याकडे वळेल आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्या ओळखीच्या घरांत पोचेल, एवढंच डोक्यात आलं.

मी म्हणालो, "शी कान्ट हेल्प इट, सर. इट्स पार्ट ऑफ द कंडिशन."

अध्यक्षांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते खुर्चीत मागे टेकले. त्या मऊपणात सगळं संपलं हे मला कळलं. "व्हेरी ब्रेव्ह गर्ल," ते म्हणाले. "गॉड ब्लेस." पुढचं कुणी ऐकलं नाही. पुठ्ठ्यावरची चित्रं दाखवायची होती, ती पिशवीतून निघालीच नाहीत.

बाहेर भाई उठून उभे राहिले. "काय झालं?"

"विचार करतो म्हणाले," मी सांगितलं.

गाडीपाशी भावंडानं मला थांबवलं. "दादा, तुला खरंच असं वाटतं? मला जमत नाही म्हणून मी असं बोलतं?"

नाही म्हणालो असतो तर आत मी खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो."

"बरं," ते म्हणालं.

त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतून आवाज येत होता. आले. गेले. जेवले. उठले. बसले. मी जाते, मी येते, मी राहते, मी आले होते. एकही चूक नाही. मी बंद दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. मग दार उघडलं.

"मी तपासलं. मला सगळं जमतं. तुझी समजूत चुकीची होती. आता कमिटीला कळवायला पाहिजे, म्हणजे ते परत ऐकतील."

माझ्यावर रागावलेलं नव्हतं. दादा चुकला, दादाला खरं कळलं, दादा दुरुस्त करेल, असा सरळ हिशेब होता. मी खोटं बोललो असेन हे त्याच्या मनात यायलाच जागा नव्हती.

"बघू," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

त्या मुलखात राहिलेल्याला सांगायला नको. ऑफिसात 'इन्शाल्ला' म्हणजे बहुतेकदा 'नाही', फक्त नम्रपणे. आम्ही सगळेच ते तसं वापरायला शिकलो होतो. भाभी म्हणायच्या तेव्हा त्यात देव असायचा, आम्ही म्हणायचो तेव्हा पळवाट. भावंडानं शब्द जसा आहे तसा घेतला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर दारातच.

"कळवलंस?"

"आज जमलं नाही. उद्या, इन्शाल्ला."

"कळवलंस?"

"अरे, मॅडम रजेवर आहेत."

भाईंना शाळेचं नकाराचं पत्र आलं आणि पलीकडच्या फ्लॅटमधून सेलोटेपचा आवाज यायला लागला. भाभी सामान खोक्यांत भरत होत्या. मुलगी दारात येऊन आमच्या धाकट्याच्या पुठ्ठ्यावर पंख्यावर बोट ठेवायची, पुन्हा पुन्हा. तो सेलोटेप तिला सहन होत नव्हता.

"दादा, सत्र सुरू व्हायला आलं. कळवलंस?"

"कळवलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. मी तो नंतर कधी तसा पाहिला नाही, म्हणून लिहितो. ते धावत पलीकडे गेलं आणि मी भिंतीतून ऐकलं, "भाभी, खोकी बंद करू नका! दादानं सांगितलंय, शाळेचं उत्तर येईल." आणि भाभींनी खरंच थांबवलं. टेप थांबला. माझ्या शब्दावर त्या दोन आठवडे सामान अर्धवट बांधून बसल्या. भाईंनी तिकिटं पुढे ढकलली. मधल्या काळात मुंबईच्या एका शाळेतली जागा, जी भाभींच्या बहिणीनं कशीबशी धरून ठेवली होती, ती गेली. ते आम्हाला नंतर कळलं.

उत्तर येईना म्हणून भावंड एकटंच प्रिन्सिपॉल मॅडमकडे गेलं. त्या म्हणाल्या, तुझ्या भावाकडून आम्हाला काहीच आलेलं नाही.

घरी येऊन त्यानं आरडाओरडा केला नाही. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून विचारलं, "कळवलं म्हणालास ते खरं नव्हतं. मग त्याआधीचं 'हो' पण खरं नव्हतं?"

आई-बाबा बघत होते. मी मान डोलावली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

ते म्हणालं, "यापुढे माझं इंग्रजी कुणी करायचं नाही." आणि खोलीत गेलं.

भाभी आणि मुलगी एप्रिलमध्ये गेल्या. विमानतळावर मी गाडी चालवत नेलं, कारण गाडी चालवण्यापुरता मी उरलो होतो. पुठ्ठा मुलीच्या हातात होता. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला तेव्हा तिनं जो आवाज काढला, तो आम्ही काचेपलीकडून फक्त पाहिला.

पुढच्या वर्षांत भावंडाचं काम वाढलं. दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी पाच-सहा मुलं जमत. मोठी होत गेलेली, बोलणारी, न बोलणारी, एक व्हीलचेअरवरचा मल्याळी तरुण, दुबई मरीनाच्या इमारती उभ्या राहत होत्या तिथं नोकरी करणाऱ्या इंजिनिअरची मुलगी. नियम एकच, कुणी कुणाच्या वतीनं बोलायचं नाही. वेळ लागला तर लागू दे. आई-बाप स्वयंपाकघरात. शाळांकडे, क्लिनिककडे जायचं तेव्हा ज्याचं काम तोच पुढे, बाकीचे मागे गप्प. भावंडाची इंग्रजी बंद पडली तर ते खिशातून जाड अक्षरात लिहिलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवायचं, 'थांबा', आणि लोकांना थांबावं लागायचं. मी त्यांना सोडायचो आणि खाली गाडीत बसायचो. मला वर कुणी बोलावलं नाही. मी विचारलंही नाही.

एकदा परतताना मी गाडीतच बोललो. जे आज लिहिलंय ते, त्या बाईंच्या हसण्यासकट. ते खिडकीवर बोटं वाजवत ऐकत राहिलं.

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणालं. "माझी जागा गेली नव्हती. भाईंना सांग."

त्यालाही मी काही महिने लावले. मग एका दुपारी हमरियाला भाईंच्या कारखान्यावर गेलो. भाई शेडच्या सावलीत डबा खात होते. वजन उतरलं होतं. मला बघून घाईनं उठले, "अरे, बस बस, घरी सगळं ठीक?" मी उभ्यानंच सांगितलं. कमिटीत काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, का दिलं. आणि मी कळवलं नव्हतं हेही.

त्यांना आधी नीट समजेना. "थांब. 'आलं' न् 'आले'? त्याच्यावरनं?"

"हो."

"येवढ्यावरनं?"

"त्यांना वाटलं, तिला... त्याला भाषाच येत नाही."

भाईंनी डब्याचं झाकण लावलं. "आमच्याकडं गावाला पोरीबाळींना असंच बोलतात. पोर आलां, पोर निजलां. आमच्या पोरीला पण तसंच. मला आत का नाही बोलावलंत? मी बाकावरच होतो ना. मी सांगितलं असतं त्या बाईला, आमच्याकडं असंच बोलतात, यात काय चूक नाही."

भाईंचं ते उत्तर बरोबर नव्हतं. माझ्या भावंडाचं 'आलं' त्यांच्या गावचं नव्हतं. पण त्या दिवशी त्या खोलीत ते पुरलं असतं, आणि ते बाहेर बाकावर तयार होतं. मला ते आत आणायला फक्त दार उघडायचं होतं.

"तुला कळत होतं तरी," भाई म्हणाले. विचारत नव्हते.

"हो, भाई."

भोंगा झाला. शेडमधली माणसं उठली. भाईंनी हेल्मेट घातलं, पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला. "तिच्या आईला फोनवर मी नाही सांगणार हे," ते म्हणाले. "तिनं दोन आठवडे खोकी उघडी ठेवली होती. तू सांग. नंबर तुझ्या आईकडं आहे."

आणि ते आत गेले.